विमानांच्या खेळाला लावलेला ठेका

आमच्या घरात डफड्याचं नाव निघत नसे. तसा नियम कुणी केला नव्हता. पण एखादी वरात डफडं वाजवत कॉलनीसमोरून निघाली की बाबा उठून खिडकी लावून घ्यायचे आणि आई स्टोव्हला चार पंप जास्त मारायची. स्टोव्हच्या भुर्र आवाजात बाहेरचं सगळं बुडून जायचं. नाशिकरोडला आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर, तिच्याखाली रेडिओ आणि रेडिओवर आईनं विणलेला रुमाल. गाण्याबजावण्याचा घरात तिटकारा होता असं मुळीच नाही. बाबा कारखान्यातून आले की हातपाय धुऊन नाट्यगीतं ऐकत बसायचे, जयंतीला गायन पार्टी यायची तेव्हा पहिल्या रांगेत बसून मांडीवर ताल धरायचे. पेटी चालायची, ढोलकी चालायची. फक्त डफडं चालत नव्हतं.

कारण एकदाच सांगितलं होतं, मी शाळेत असताना. आमचा आजा गावात डफडं वाजवायचा. हौस म्हणून नव्हे. गावात कुणी मेलं की त्याला हाक यायची. आधी पंचक्रोशीत मयताचा सांगावा न्यायचा, मग परत येऊन तिरडीच्या पुढं वाजवत चालायचं. बदल्यात शिळी भाकरी आणि मढ्यावरचं कापड. आमच्या माणसांनी धम्म स्वीकारला त्या आठवड्यात बाबा आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे नाना, यांनी आजाच्या देखत त्या डफड्याचं चामडं विळ्यानं फाडलं आणि लाकडी कडं शेतात नेऊन जाळलं. एवढं सांगून बाबांनी रेडिओ लावला होता.

नाना सिन्नरकडच्या गावात राहायचे. थोडी कोरडवाहू जमीन, बाकी मिळेल ती मजुरी. एक रविवार आड ते एसटीनं आमच्याकडं यायचे, पिशवीत शेंगा नाहीतर बाजरीचं पीठ. आई त्या दिवशी सुक्या बोंबलाचं कालवण करायची, भरपूर लसूण घालून, आणि तव्यावरून एकेक भाकरी थेट दोघा भावांच्या ताटात पडायची. "किसना, शहरातलं पाणी पिऊन भोपळा झाला तुझा," असं नाना म्हणायचे आणि बाबा म्हणायचे, "तू आपला शेंगांची टरफलं खात जा, वाळून काठी झालास." दोघं जेवून भिंतीला टेकायचे आणि त्याच त्या गोष्टी सांगून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायचे. कारखान्यात दबून वागणारे, घरात मोजकं बोलणारे माझे बाबा त्या एका माणसापाशी मोठ्यानं हसत. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण ते हसणं मी बंद पाडलं.

मागच्या वर्षी माझी धाकटी मुलगी जेवताना सांगत होती. ती पुण्यात एका कंपनीत आहे, मोबाइलवरचे खेळ बनवतात तिथं. म्हणाली, "पप्पा, कुठल्या गेमला कुठलं म्युझिक शोभेल, याचासुद्धा कोर्स असतो. शर्यतीला वेगळं, भुताटकीला वेगळं, लढाईला वेगळं." मी ताटावरून उठलो. हात धुऊन नळ मी रागानं करकचून पिळला. तिला वाटलं, तिच्या नोकरीचा राग. तिचा काहीही संबंध नव्हता. तो कोर्स मी नाशिकच्या शालिमारजवळच्या एका गाळ्यात पुरा केला होता, आणि त्याची फी दुसऱ्यानं भरली होती.

गाळा मधूशेठचा. आधी तिथं त्यांचं रेकॉर्डिंग सेंटर होतं. लोक आवडीची गाणी सांगायचे आणि शेठ ती कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचे. मग तयार कॅसेटी स्वस्त झाल्या, धंदा बसला, आणि शेठनी मुंबईहून व्हिडिओ गेमच्या तीन जुन्या मशिनी आणल्या. उभी लाकडी कपाटं, काचेमागं पडदा, पुढं दांडा आणि बटणं. मी बारावीला नापास होऊन घरी बसलो होतो, शेठनी मला गल्ल्यावर ठेवलं. पहिल्याच महिन्यात विजेचा दाब असा काही वरखाली झाला की तिन्ही मशिनींचा आवाज जळाला. चित्र चालू, आवाज बंद. मुंबईचा मिस्त्री म्हणाला, भाग बाहेरदेशातून येईल तेव्हा येईल. मुक्या मशिनीवर कोण खेळणार? पोरं दारातून डोकावायची, "मुकीच आहे का अजून?" विचारायची आणि समोरच्या भेळेच्या गाडीवर जायची.

युक्ती माझी होती. रेकॉर्डिंग सेंटरचे टेपरेकॉर्डर माळ्यावर धूळ खात पडले होते. मी प्रत्येक मशिनीच्या पाठीमागं एकेक ठेवला आणि आत कॅसेट घातली. वाटलं होतं, काहीही लावलं तरी चालेल. तसं नसतं. गाड्यांच्या शर्यतीला मी बँडवाल्यांची वरातीतली जलद चाल लावली, तर पोरं पहिल्याच वळणावर गाडी आपटायला लागली. हात डोळ्यांच्या मागं जात नव्हते, कानाच्या मागं जात होते. मग मध्य लयीतला नुसता केरवा लावला, न थांबणारा, आणि गाडी रस्त्यावर राहू लागली. गल्लीबोळांतून भुतं पाठलाग करतात त्या खेळाला माझ्या एका मित्राकडून माउथ ऑर्गन वाजवून घेतला. थोडं वाजवायचं, मध्येच गप्प व्हायचं, पुन्हा कोपऱ्यावरून आल्यासारखं सुरू करायचं. पोरं मागं वळून बघायची. मला त्या कामाची नशा चढली होती. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मला इतरांपेक्षा बरं जमत होतं, हे कबूल केलं पाहिजे.

तिसरी मशीन अडली. त्या खेळात शत्रूच्या विमानांची रांग वरून एक पायरी खाली उतरते, थांबते, पुन्हा एक पायरी उतरते. खालून गोळ्या मारत राहायचं. ती रांग कधीच पुरती संपत नाही, शेवटी जमिनीला टेकते आणि खेळणारा मरतो. मी डिस्को लावून पाहिलं, पखवाज लावून पाहिला, शेठच्या कपाटातली इंग्रजी कॅसेट लावून पाहिली. सगळं वर तरंगत राहायचं, त्या उतरण्याशी कशाचंच जमेना. एका दुपारी शेठ दात कोरत म्हणाले, "तुमच्याकडं वाजवतात ना रे ते, डफडं? दणका असतो त्याला."

तुमच्याकडं. किती सहज म्हणाले. त्यांना हेही ठाऊक नव्हतं की आमच्याकडं ते वाजवत नाहीत, आणि न वाजवण्यासाठी काय काय सोसलंय. मी तिथंच त्यांना सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी, किसनचा मुलगा, म्हणालो, "माझ्या चुलत्यांचा हात चांगला होता म्हणतात."

भद्रकालीतल्या वाद्यांच्या दुकानातून शेठनी डफडं घेऊन दिलं. मी ते गोणपाटात गुंडाळून, एक टेपरेकॉर्डर खांद्याला अडकवून नानांच्या गावी गेलो. खरं सांगितलं असतं तर नानांनी मला वेशीपर्यंत हाकललं असतं. म्हणून वाटेतच थाप रचली. कॉलेजात एक सर आहेत, ते पुस्तक लिहिताहेत, आपल्या माणसांना काय काय करावं लागायचं त्याचं. त्यांना जुने ठेके ऐकून लिहून घ्यायचेत. मी नापास होऊन गाळ्यावर बसतो हे बाबांनी लाजेपायी नानांना सांगितलंच नव्हतं.

नानीनं गोणपाट उघडताना पाहिलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. "हे काय आणलं रे घरात, परकास?"

"पुस्तकात जायाचं हे," नाना म्हणाले. "आत जा तू."

घरामागं त्यांनी वाळलेलं पाचट पेटवलं, डफडं त्यावर शेकलं, बोटानं टिचकी मारून पाहिलं, पुन्हा शेकलं. इतक्या वर्षांनी हात बसेल की नाही म्हणत होते, पण दोन्ही काठ्या बोटांत आल्याबरोबर हात बसला. लग्नाचा ठेका वाजवला, कुस्तीचा वाजवला, जत्रेचा वाजवला. प्रत्येक वेळी आधी नाव सांगायचे, मास्तरसारखे. डाव्या हातातली बारीक काठी ते जरा उशिरा टाकायचे, मुख्य ठोका विरता विरता. आजाचीच ती सवय, म्हणाले. घाम आला होता, आणि चेहरा असा उजळला होता की मला शरम वाटायला हवी होती. मला फक्त रेकॉर्डिंग चांगलं येतंय एवढंच वाटत होतं.

मग ते थांबले. "अजून एक हे," म्हणाले. "लिहिणारांना सांग, बाकीचं नाय लिहिलं तरी चालंल, हे लिहा. मयताचा हे. बसून नाय वाजवत." ते उठून उभे राहिले आणि भिंतीच्या कडेनं, पुढं कुणी नसताना, मागं कुणी नसताना, सावकाश चालत वाजवू लागले. दोन जड ठोके, मग मोकळी जागा, त्या मोकळ्या जागेत उशिरा पडणारी बारीक काठी. पुन्हा दोन ठोके. आत नानीनं दार लावून घेतल्याचा आवाज त्या कॅसेटवर आहे. शेवटी नानांचा आवाज आहे, "कर बंद." आणि मग मला म्हणाले, "हे नुसतं लिहून घ्यायचं, बरं का. वाजवत फिरायचं नाय."

मी हो म्हणालो.

ऐकता ऐकताच मला कळलं होतं. एक पायरी, थांबायचं, पुन्हा एक पायरी. विमानांच्या मशिनीला दुसरं काही शोभणारच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तो ठेका कॅसेटच्या दोन्ही बाजूंवर पुन्हा पुन्हा भरून घेतला आणि लावला. गाळा बदलला. पोरं त्या मशिनीला चिकटली, बाकीच्या दोन रिकाम्या पडल्या. शेठ म्हणाले, "पक्या, नशीब काढलंस." ठेका कसला आहे हे नाशिकच्या पोरांना सांगावं लागत नव्हतं. त्यांनी स्वतःच एक खेळ जोडला. मशिनीवर मेला की त्या पोराला चौघं उचलायचे, आडवा धरायचे आणि ठेक्यावर पावलं टाकत गाळ्यात फिरवायचे. भेळेच्या गाडीवरचे चुरमुरे उधळायचे. "गेला रे गेला, चांगला होता बिचारा!" सगळे लोळायचे हसून. मीही हसायचो. एकदा उचलणाऱ्या चौघांत मी होतो.

आणि एका संध्याकाळी बाबा दारात उभे होते. आईचा चष्मा घ्यायला शहरात आले होते, म्हणाले असतील मनात, पोराला बरोबर घेऊन जाऊ. मी गल्ल्यावर होतो. एका मुलाला आडवा धरून चौघं त्यांच्या अगदी समोरून गेले, चुरमुरे त्यांच्या टोपीवर पडले. बाबांनी ते झटकले नाहीत. ते पोरांमधून वाट काढत विमानांच्या मशिनीमागं गेले, वाकले आणि टेपरेकॉर्डरजवळ कान नेला. काठी उशिरा पडत होती.

"हा नानाचा हात हे," बाबा म्हणाले. बाबा शुद्ध बोलायचे. त्या दिवशी ते 'आहे' न म्हणता नानांसारखं 'हे' म्हणाले. "कुणी आणलं हे?"

माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवून बोललो नाही, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. खोटं आहे ते. मला पुरेसा वेळ होता. मी म्हणालो, "शेठनी आणलीय कॅसेट. मला काय माहीत?"

बाबा निघून गेले. मला बरोबर घ्यायला आले होते हे विसरून गेले.

नाना आले त्या रविवारी कालवण स्टोव्हवर होतं, लसणाचा वास जिन्यापर्यंत गेला होता. नानांनी पिशवी आईकडं दिली आणि भिंतीला टेकायला गेले.

"बसू नको," बाबा म्हणाले.

"का रे? आजारी हेस का?"

"किती घेतले?"

"कशाचे?"

"मयताचा ठेका विकलास त्याचे. शालिमारला वाजतोय. मशिनीच्या खेळात. पोरं तिरडी काढतात त्याच्यावर, चुरमुरे उधळतात. आपल्या बापाच्या ठेक्यावर! किती घेतले त्या शेठकडून?"

नानांनी माझ्याकडं पाहिलं. मी कोपऱ्यात ताटं पुसत होतो. त्या नजरेत आधी नुसता प्रश्न होता. मी ताट पुसत राहिलो, आणि ते पुसून पुसून कोरडं झालं तरी पुसत राहिलो, तेव्हा प्रश्न संपला. पुस्तक नाही, सर नाहीत, सगळं त्यांना तिथं उभ्याउभ्या कळलं. मला वाटलं, आता सांगतील. मी तयार होतो. देवाशपथ म्हणायची आमच्यात पद्धत नाही, पण मी खरंच तयार होतो. त्यांनी नुसतं माझं नाव घेतलं असतं तरी मी सगळं बोललो असतो.

"घेतले," नाना म्हणाले.

"किती?"

"लय घेतले."

"विळा तुझ्या हातात होता, नाना! कडं मी धरलं होतं, चामडं तू फाडलंस. आणि आता..." बाबांचा आवाज फाटला. त्यानंतर ते जे बोलले ते मी लिहिणार नाही. थोरल्या भावाला कुणी तसं बोलू नये, आणि ज्याच्यासाठी ते शब्द होते तो त्याच खोलीत ताट घेऊन उभा होता. आई पळी हातात धरून दारात आली होती. "अहो, जेवून तरी जाऊ द्या त्यांना," म्हणाली. बाबांनी खिडकीकडं तोंड केलं होतं.

मला नानांचा राग येतो. हे कुणाला पटणार नाही, पण आज इतक्या वर्षांनीही सगळ्यात जास्त राग मला त्यांचाच येतो. शेठ शेठसारखा वागला. बाबांना मी फसवलं, त्यांचा संताप त्यांच्या जागी खरा होता. पण नानांनी मला पाठीशी का घातलं? मी मागितलं होतं का? त्यांनी त्या दिवशी खरं सांगितलं असतं तर बाबांनी मला बडवलं असतं, घराबाहेर काढलं असतं, आणि वर्षभरात सगळं मिटलं असतं. पोरगं चुकलं म्हणून दोघे भाऊ पुन्हा हसले असते. त्यांनी माझी चूक उचलली आणि ती एवढी मोठी करून ठेवली की पुढं मला ती हलवता येईना. दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत. नाना वारले तेव्हा सांगावा आला, आणि बाबा कारखान्यात दुसऱ्या पाळीला गेले. बाबांना मी शेवटपर्यंत काही सांगितलं नाही. दवाखान्यात त्यांचा हात हातात धरून बसायचो, तेव्हाही नाही.

आईनं मला नानांच्या मागं पाठवलं, त्यांना स्टँडवर सोडून ये म्हणाली. आम्ही स्टँडपर्यंत चालत गेलो. सिन्नरची गाडी लागली होती. मी म्हणालो, "नाना, मी आत्ता घरी जाऊन बाबांना सांगतो सगळं."

नाना गाडीच्या पायरीवर चढले होते. ते खाली उतरले आणि माझ्या एक मुस्काटात मारली. स्टँडवरचे लोक वळून पाहायला लागले. हमाल थांबले.

"घरी तोंड होतं ना तुला?" नाना म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "किसना बोलला, मी ऐकून घेतलं. तो माझा भाऊ हे. तू कोण हेस रे माझा?"

ते चढून आत जाऊन बसले, खिडकीशी नाही, पलीकडच्या बाजूला. गाडी गेली. मी घरी परत आलो तेव्हा बाबा झोपले होते, किंवा भिंतीकडं तोंड करून पडले होते. आई म्हणाली, आता काही बोलू नकोस त्यांच्याशी. मला ते पुरलं. कुणीतरी बोलू नको म्हणावं याचीच मी वाट पाहत आलो होतो. कालवण मी एकट्यानं खाल्लं, आणि ते मला गोड लागलं.

सोमवारी गाळा उघडला. विमानांच्या मशिनीत मी कॅसेट घातली नाही. वाटत होतं, एवढं तरी करू. दुपारी पोरं आली, एकानं टोकन टाकलं, पडद्यावर विमानांची रांग मुक्यानं एक पायरी खाली उतरली. "अरे पक्याभाऊ, ठेका कुठंय? असं काय मजा येत नाय." शेठ आत जेवत होते, त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं. मला कुणी धमकावलं नाही, नोकरी जाईल असं कुणी म्हटलं नाही. माझा गाल अजून हुळहुळत होता.

मी मशिनीमागं गेलो आणि कॅसेट लावली.